कावीळ कशाने उतरली?

महाराष्ट्रात बहुतेक तालुक्यांत काविळीचं औषध देणारं एखादं घर असतं. ठरलेल्या वारी, सकाळी, अनशापोटी यायचं. कुठे ताकातून पाला वाटून देतात, कुठे नाकात थेंब सोडतात, कुठे माळ घालतात, कुठे चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतात. पैसे बहुधा घेत नाहीत. घेतले तर औषधाचा गुण जातो असं मानतात. वनस्पतीचं नावही त्याच कारणाने सांगत नाहीत. हा वसा पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला असतो आणि ‘त्यांच्या हाताला गुण आहे’ अशी ग्वाही द्यायला पंचक्रोशीतली शेकडो माणसं तयार असतात. ती खोटं बोलत नाहीत. त्यांना कावीळ झाली होती, त्यांनी औषध घेतलं होतं आणि ती बरी झाली होती. या तिन्ही गोष्टी खऱ्याच असतात. कोणी विचारत नाही तो प्रश्न पुढचा: औषध घेतलं नसतं तर काय झालं असतं?

उपचार आयुर्वेदिक असो, होमिओपॅथीचा असो, आजीच्या बटव्यातला असो की ॲलोपॅथीचा, त्याचा पुरावा तपासणं म्हणजे या एका प्रश्नाचं उत्तर शोधणं. ते कसं शोधतात हे पाहायला कावीळ फार सोयीची आहे. फसवे, अर्धेमुर्धे आणि पक्के असे सगळ्या प्रकारचे पुरावे या एका दुखण्याभोवती गोळा झालेले आहेत.

आधी दुखणं समजून घेऊ. रक्तातल्या तांबड्या पेशी साधारण १२० दिवस जगतात. त्या मोडीत निघाल्या की हिमोग्लोबिनपासून बिलिरुबिन नावाचं पिवळं द्रव्य तयार होतं. यकृत ते रक्तातून उचलतं, पाण्यात विरघळेल असं करतं आणि पित्तावाटे आतड्यात सोडतं. शौचाचा नेहमीचा रंग त्यातूनच येतो. यकृताला सूज आली की हे काम अडतं आणि बिलिरुबिन रक्तात साठू लागतं. निरोगी माणसात ते दर डेसिलिटरला साधारण १ मिलिग्रॅमच्या आसपास असतं. अडीच-तीनच्या वर गेलं की डोळ्यांत पिवळेपणा दिसतो. म्हणजे कावीळ हे लक्षण आहे, रोग त्याच्या मागे असतो. पित्तनलिकेत अडकलेला खडा, दारू, लेप्टोस्पायरोसिस, एखाद्या औषधाची बाधा, क्वचित स्वादुपिंडाचा कर्करोग, यांतलं काहीही तिच्यामागे असू शकतं. पण पावसाळ्यात एकाच आळीतल्या चार घरांत एकदम कावीळ दिसली, तर ती बहुधा दूषित पाण्यातून आलेल्या हिपॅटायटिस ए किंवा ई या विषाणूंची असते.

या दोन विषाणूंची चाल ठरलेली आहे. आधी काही दिवस कणकण, मळमळ, अन्नावरची वासना उडालेली. मग लघवी गर्द होते आणि डोळे पिवळे दिसू लागतात. एक-दोन आठवडे पिवळेपणा चढतो, शिगेला पोचतो आणि ओसरू लागतो. महिना-दीड महिन्यात बहुतेक सगळे उठून कामाला लागतात. विषाणूला हटवण्याचं काम शरीराची प्रतिकारशक्तीच करते. एरवी धडधाकट असलेल्या शंभर रुग्णांपैकी नव्याण्णव किंवा त्याहून जास्त जण असेच बरे होतात.

आता माणूस औषधाला कधी जातो ते बघा. नुसती मळमळ असते तेव्हा तो जात नाही. डोळे पिवळे दिसले, चार जणांनी ‘अहो, तुम्हाला कावीळ दिसतेय’ असं म्हटलं, की मग चौकशी सुरू होते. औषधाचा ठरलेला वार, समजा रविवार, गाठेपर्यंत दुखणं चढणीच्या शेवटाला आलेलं असतं. पहिला डोस पोटात जातो आणि उतार लागतो. कुठे तीन रविवार यायला सांगतात. पहिल्या रविवारपासून तिसऱ्यापर्यंत पंधरा दिवस जातात, आणि तेवढ्यात काविळीचा जोर मोडलेला असतोच.

औषध देणाऱ्याच्या बाजूनेही पाहायला हवं. या लोकांत लबाड फार थोडे असावेत असं मला वाटतं. समोर आलेल्या शंभरांतले नव्याण्णव बरे होताना ज्याने आयुष्यभर पाहिलं, त्याने आपल्या पाल्यावर विश्वास ठेवला तर नवल काय? बरे झालेले नारळ घेऊन भेटायला येतात. ज्याला पुढे शहरातल्या रुग्णालयात हलवावं लागलं, त्याचं काय झालं हे सांगायला फारसं कोणी येत नाही. अशा जागी कितीही प्रामाणिक माणूस बसवा, त्याचा अनुभव त्याला चुकीचंच उत्तर देईल. डॉक्टर बसवला तरी तेच होईल, आणि झालेलंही आहे. त्याकडे पुढे येऊ.

शिवाय या औषधांना डोळ्यांनी दिसणाऱ्या पुराव्याची जोड असते. हात धुण्याचा प्रकार घ्या. रुग्णाच्या तळहातांना काहीतरी चोळतात आणि चुन्याच्या निवळीत हात धुवायला सांगतात. स्वच्छ पाणी बघता बघता पिवळं होतं. कावीळ अंगातून उतरून परातीत आलेली सगळ्यांना दिसते. चोळलेला पदार्थ असतो आंब्याच्या सालीची पूड किंवा रस. त्यातली द्रव्यं चुन्याच्या पाण्यात पिवळी पडतात. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा प्रयोग जाहीरपणे करून दाखवत आले आहेत. पण हे रसायनशास्त्र माहीत नसलं तरी बिघडत नाही. रुग्णाला घेऊन आलेल्या त्याच्या ठणठणीत भावाचे हात त्याच पद्धतीने चोळून त्याच पाण्यात धुवायला लावायचे. पाणी पिवळंच होतं. भावाला तर कावीळ नाही! वैद्यकातल्या मोठमोठ्या चाचण्यांचा गाभा या एवढ्याशा कृतीत आहे: जिथे परिणाम दिसायला नको, तिथेही तो दिसतो का, हे पाहणं.

माळेचंही तेच. झाडाच्या काड्यांचे लहान तुकडे दोऱ्याच्या फासांत अडकवून माळ करतात आणि ती डोक्यावर ठेवतात. दिवसागणिक ती लांबत जाते, गळ्यात येते, छातीवर उतरते. जसजशी माळ वाढते तसतशी कावीळ उतरते, असं सांगतात. ओल्या काड्या वाळून आक्रसतात, फास सैल होतात आणि दोरा मोकळा होतो. भिंतीवरच्या खिळ्याला अडकवली तरी ती माळ लांबते. नाकात देवडांगरीचा अर्क सोडला की नाकातून पिवळट पाणी वाहू लागतं, तेही कावीळ बाहेर पडल्याचं लक्षण मानलं जातं. ते नाकाच्या नाजूक अस्तराचा दाह झाल्यामुळे वाहतं. बिलिरुबिनची बाहेर पडायची वाट आतड्यातून आणि मूत्रपिंडातून आहे, नाकातून नाही.

इथवर वाचून कोणी म्हणेल, म्हणजे सामान्य माणसाचं निरीक्षण कुचकामी, प्रयोगशाळेतलं तेवढं खरं? मुळीच नाही. काविळीवरचा एक अगदी पक्का उपचार एका परिचारिकेच्या निरीक्षणातून आलेला आहे. १९५६ सालची गोष्ट. इंग्लंडमधल्या एसेक्स परगण्यात रॉचफर्ड इथल्या रुग्णालयात सिस्टर वॉर्ड अपुऱ्या दिवसांच्या बाळांचा कक्ष सांभाळत. ऊन पडलं की त्या बाळांना अंगणात नेत. एकदा त्यांनी डॉक्टरांना एक बाळ उघडं करून दाखवलं. त्याचं अंग फिकट झालं होतं, पण एक त्रिकोणी तुकडा मात्र गडद पिवळा राहिला होता. चादरीचं टोक त्या जागेवर आलं होतं आणि तिथे ऊन पोचलं नव्हतं.

या बाळात आणि चुन्याच्या पाण्यात फरक काय? बाळ फिकं झालं एवढंच दिसलं असतं तर त्याला फार किंमत नव्हती, कारण नवजात बाळांची कावीळही पुष्कळदा आपोआप उतरते. पण इथे बाळ एकच, रक्त एकच, दिवसही तोच. बदललेली गोष्ट एकच, ऊन. औषध मिळालेला भाग आणि न मिळालेला भाग एकाच कातडीवर शेजारी शेजारी होते. ‘उपचार झाला नसता तर काय झालं असतं’ याचं उत्तर त्या त्रिकोणात होतं. पुढे त्याच रुग्णालयात काविळीच्या बाळाच्या रक्ताची एक नळी खिडकीत उन्हात राहून गेली आणि तिच्यातलं बिलिरुबिन अपेक्षेपेक्षा कमी भरलं. तिथले डॉक्टर क्रेमर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी निळ्या दिव्यांचा पाळणा तयार केला आणि १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात निष्कर्ष छापले. तरीही अमेरिकेतल्या डॉक्टरांचा विश्वास बसायला १९६८ मधली ल्युसी यांची तुलनात्मक चाचणी यावी लागली. आज जिल्हा रुग्णालयांतही बाळांना ‘लाइटखाली’ ठेवतात ते हेच. (मोठ्यांच्या विषाणूजन्य काविळीत याचा उपयोग नाही, तिथे अडचण यकृताच्या सुजेची असते. आणि नवजात बाळाला डॉक्टरांना न दाखवता घरच्या घरी नुसतं उन्हात धरणंही पुरेसं नाही.)

सगळ्याच दुखण्यांत असा त्रिकोण उमटत नाही. पोटात घेतलेलं औषध अंगभर जातं. तिथे दोन गट करावे लागतात, आणि गट पाडण्यात खरी मेख आहे. ज्याला हवं त्याने औषध घ्यावं असं ठेवलं, तर घेणारे आणि न घेणारे मुळातच वेगळे असतात. कोणी जास्त आजारी असतो, कोणी जास्त पथ्य पाळणारा, कोणी पैसेवाला. म्हणून चिठ्ठ्या टाकतात. चिठ्ठी कोणाचं वय, घराणं किंवा स्वभाव बघत नाही. त्यामुळे, आपल्याला माहीतही नसलेले फरक दोन्हीकडे साधारण सारखे वाटले जातात. एका गटाला औषध, दुसऱ्याला तसंच दिसणारं, तशाच चवीचं पण औषध नसलेलं काहीतरी, म्हणजे प्लासिबो. कोणाला काय मिळालं हे रुग्णालाही ठाऊक नाही आणि तपासणाऱ्या डॉक्टरलाही नाही. रुग्णाची आशा आणि डॉक्टरचा लोभ दोन्ही बाजूंना सारखेच राहावेत, यासाठी ही लपवालपवी.

आता या कसोटीवर आपल्या ओळखीची एक वनस्पती लावून पाहू. भुईआवळी. पावसाळ्यात बांधावर, अंगणात, फरशीच्या फटीतही उगवते. पानांच्या खाली आवळ्यासारखी बारीक फळं ओळीने लागतात. काविळीसाठी ती फार जुन्या काळापासून वापरात आहे. १९८८ मध्ये मद्रासचे संशोधक थ्यागराजन यांनी तिची हिपॅटायटिस बी वर घेतलेली चाचणी ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झाली. सहलेखकांत बारुख ब्लुमबर्ग होते. हिपॅटायटिस बी चा विषाणू शोधण्याच्या कामाबद्दल त्यांना १९७६ चं नोबेल मिळालेलं होतं. हा आजार निवडला हे शहाणपणाचं होतं. ज्यांच्या रक्तात बी चा विषाणू वर्षानुवर्षं ठाण मांडून असतो, त्यांच्यातून तो आपोआप जाण्याचं प्रमाण अगदी कमी. म्हणजे ‘तसाही बरा झालाच असता’ हा आक्षेप इथे सहजी टिकत नाही.

तीस दिवस औषध दिलं. नंतरच्या तपासणीत भुईआवळी घेतलेल्या ३७ पैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूचं ठळक चिन्ह, म्हणजे पृष्ठभागावरचं अँटिजेन, नाहीसं झालं होतं. प्लासिबोच्या गटात २३ पैकी फक्त एकाचं. ५९ टक्के विरुद्ध ४ टक्के! बांधावरच्या तणाने जगातल्या औषध कंपन्यांना मागे टाकलं असं वाटावं असे हे आकडे आहेत.

लेखकांनी स्वतःच या अभ्यासाला प्राथमिक म्हटलं होतं. चाणाक्ष वाचकाच्या लक्षात आलं असेल की एका बाजूला ३७ आणि दुसऱ्या बाजूला २३ माणसं आहेत. चिठ्ठ्यांनी साधलेला समतोल शेवटच्या तपासणीपर्यंत टिकला नाही, तर तुलना डळमळू लागते. आणि संख्या लहान असली की दोन-चार माणसं इकडची तिकडे झाल्यानेही आकडे बदलतात. अशा वेळी एकच मार्ग असतो: दुसऱ्यांनी, दुसरीकडे, पुन्हा करून पाहणं. थायलंडमध्ये केलं. तिथला निष्कर्ष १९९० मध्ये त्याच ‘लॅन्सेट’मध्ये आला: अँटिजेन जात नाही. मुंबईच्या संशोधकांनी दोन टप्प्यांत चाचणी घेतली आणि १९९४ मध्ये तेच सांगितलं. हे मुंबईकर आयुर्वेदाचे विरोधक नव्हते, आयुर्वेदिक औषधांवरच आयुष्यभर काम करणारी माणसं होती. म्हणून त्यांच्या ‘नाही’ला मी जास्त वजन देतो. पुढे २०११ मध्ये, चाचण्यांचे एकत्रित आढावे घेणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या आढाव्याने सगळ्या उपलब्ध चाचण्या एकत्र मांडल्या. भुईआवळी प्लासिबोपेक्षा सरस असल्याचा पटण्याजोगा पुरावा त्यातही मिळाला नाही.

मग १९८८ चं काय? जात नेमकी कोणती, कुठल्या मातीतली, कधी काढलेली, यावर वनस्पतीतली द्रव्यं बदलतात, असा खुलासा दिला गेला. दिसायला सारख्या दोन-तीन जाती आहेत हेही खरं. पण हा खुलासा खरा असेल तर तो बाजारातल्या बाटलीलाही लागू होतो. मद्रासच्या त्या विशिष्ट चूर्णात गुण होता असं धरलं, तरी तुमच्या हातातल्या गोळीत तो आहे हे कशावरून? आणि परीक्षानळीत भुईआवळीचा अर्क विषाणूचं एक विकर रोखतो, हा त्याआधीचा शोध खरा असूनही रुग्णाच्या कामी आला नाही. परीक्षानळीत विषाणूला रोखणाऱ्या गोष्टी पुष्कळ असतात. पोटातून, यकृतातून पार होऊन पुरेशा प्रमाणात योग्य जागी पोचणाऱ्या फार थोड्या.

इथे वैद्यमंडळींचा एक आक्षेप नेहमी येतो. आयुर्वेद रोगाला नव्हे, रोग्याला औषध देतो. प्रकृती बघून प्रत्येकाचं औषध वेगळं. मग सगळ्यांना एकच गोळी देऊन तुमची चाचणी काय ठरवणार? आक्षेप वाजवी आहे आणि त्याला उत्तरही आहे. एका गोळीऐवजी वैद्याची सबंध चिकित्साच एका बाजूला ठेवता येते. कोइम्बतूरला संधिवाताच्या ४३ रुग्णांवर असं केलं गेलं. निष्कर्ष २०११ मध्ये आले. एका गटाला वैद्यांनी प्रकृतीनुसार ठरवलेली औषधं आणि खोटं मेथोट्रेक्सेट (संधिवातावरचं ॲलोपॅथीचं औषध), दुसऱ्याला खरं मेथोट्रेक्सेट आणि खोटी आयुर्वेदिक औषधं, तिसऱ्याला दोन्ही खरी. वैद्यांना आपलं औषध बदलायची मुभा होती, आणि तरीही कोणाला काय मिळतंय हे झाकलेलं राहिलं. तिन्ही गट साधारण सारखेच सुधारले. एवढ्या लहान संख्येवरून ‘दोन्ही तुल्यबळ’ म्हणता येत नाही. पण आयुर्वेदाची अशी चाचणी होऊच शकत नाही, हे म्हणणं तिथे संपलं. आरोग्यवर्धिनी या आयुर्वेदिक औषधाची काविळीवरची अशी झाकलेली चाचणी तर आपल्या लोकांनी १९८० मध्येच प्रसिद्ध केली होती.

आणि ॲलोपॅथी? कोरियन युद्धाच्या काळात शेकडो अमेरिकन सैनिकांना कावीळ झाली. तेव्हाच्या डॉक्टरांचा ठाम समज होता की काविळीच्या रुग्णाने अंथरुणातून उठता कामा नये, नाहीतर यकृत कायमचं बिघडेल. पुस्तकांत तसंच लिहिलेलं होतं. जपानमध्ये क्योतोच्या लष्करी केंद्रात थॉमस चाल्मर्स आणि सहकाऱ्यांनी गट पाडले: काहींना सक्त विश्रांती, काहींना हवं तेव्हा उठायची मोकळीक, शिवाय आहारही वेगवेगळा. १९५५ मध्ये निष्कर्ष आले. अंथरुणाला खिळवून ठेवलेले लवकर बरे झाले नाहीत. पोटभर, भरपूर प्रथिनांचं जेवण घेतलेले मात्र थोडे लवकर सावरले. आपल्याकडे अजूनही काविळीच्या माणसाला महिनाभर बिनतेलाचं, बिनहळदीचं अन्न आणि उसाचा रस यांवर ठेवतात. पिवळ्या हळदीने पिवळा रोग वाढतो, या समजाला आधार नाही. रस्त्यावरचा उसाचा रस बर्फासकट प्यायला, तर मात्र ज्या वाटेने कावीळ आली त्याच वाटेने आणखी काही येण्याची सोय होते.

अपायाचा पुरावा वेगळ्या जातीचा असतो. हजारांत एखाद्याला होणारा त्रास चाळीस-पन्नास जणांच्या चाचणीत दिसतच नाही. तो दिसतो दवाखान्यात, एकेका रुग्णाच्या रूपाने. २०२० च्या शेवटच्या महिन्यांत, करोनाच्या धास्तीने घरोघरी गुळवेलीचा काढा उकळत होता, तेव्हा मुंबईतल्या यकृततज्ज्ञांकडे काविळीचे सहा रुग्ण आले. बाकी कारणं तपासून बाजूला केल्यावर गुळवेल तेवढी उरली. आयुष मंत्रालयाने हरकत घेतली: ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असेल. पुढे १३ केंद्रांतल्या ४३ रुग्णांचा अहवाल २०२२ मध्ये आला. या आकड्यांवरून काढा पिणाऱ्या लाखोंपैकी कितींना धोका आहे हे काढता येत नाही. तसा दावा करणारेही घाई करतात. पण कावीळ झालेल्या माणसाने आपण काय काय काढे घेतले हे डॉक्टरांना सांगणं आणि ते लगेच थांबवणं, एवढ्यासाठी तो पुरावा पुरेसा आहे. मुळातच सुजलेल्या यकृतावर अनोळखी पाला घालण्यातला धोका त्यावरूनच कळावा.

पुरावा स्वतः तपासून पाहायची एक सोयही आहे. भारतात २००९ पासून औषधाची चाचणी सुरू करण्याआधी ती क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्री ऑफ इंडियात नोंदवावी लागते. आयुर्वेदाच्या चाचण्याही तिथे आहेत आणि ही नोंदवही कोणालाही पाहता येते. जाहिरातीत ‘शास्त्रीयदृष्ट्या सिद्ध’ असं वाचलं की तिथे शोधावं: तुलनेला दुसरा गट होता का, माणसं किती, काय मोजणार असं आधी लिहिलं होतं आणि शेवटी काय मोजलं. रक्तातल्या एखाद्या विकराचा आकडा खाली आला, ही बातमी माणूस लवकर बरा झाला या बातमीपेक्षा बरीच कमी किमतीची असते. काविळीत तर ते आकडे आपोआपही झपाट्याने उतरतात.

गावातलं औषध घेऊन बऱ्या झालेल्या नव्याण्णवांचं फारसं बिघडत नाही. वेळ जातो तो शंभराव्याचा. त्याला ओळखायला बिलिरुबिनपेक्षा रक्त गोठायला किती वेळ लागतो ही तपासणी जास्त उपयोगी पडते, कारण गोठण्याची द्रव्यं यकृतच बनवतं. प्रयोगशाळेच्या कागदावर ती पीटी-आयएनआर या नावाने येते. घरच्यांनी बघायच्या खुणा म्हणजे उलट्या न थांबणं, दिवसा गुंगी आणि रात्री जाग, असंबद्ध बोलणं, हिरड्यांतून किंवा नाकातून रक्त येणं, पोट फुगणं. यातलं काहीही दिसलं तर रविवारची वाट पाहू नये. आणि बाई गरोदर असेल तर खुणांचीही वाट पाहू नये: शेवटच्या तीन महिन्यांत हिपॅटायटिस ई झाला तर मृत्यूचं प्रमाण २० ते २५ टक्क्यांपर्यंत जाऊ शकतं, म्हणून डोळे पिवळे दिसले त्याच दिवशी तिला मोठ्या रुग्णालयात न्यावं.